पहिला बल्ब जास्त का उजळला?

मी शाळेत विज्ञान शिकवते. विजेचा धडा आला की दरवर्षी एका समजुतीशी गाठ पडते: बल्ब प्रवाह ‘खातो’, म्हणून त्याच्या अलीकडे प्रवाह जास्त आणि पलीकडे कमी. व्याख्या पाठ असतात, गणितं बरोबर येतात, पण ही समजूत जागची हलत नाही. म्हणून यंदा धडा घर आणि वर्ग असा वाटून घेतला.

घरचं काम ‘फेट’ सिम्युलेशनवर, म्हणजे स्क्रीनवर करायच्या आभासी प्रयोगावर होतं. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी कोलोरॅडो विद्यापीठात 2002 साली सुरू केलेला हा प्रकल्प सगळ्यांना मोफत वापरता येतो. त्यात वायरमधून इलेक्ट्रॉन सरकताना दिसतात. मुलांनी दोन बल्ब एकसर, म्हणजे एकाच वाटेवर एकामागोमाग एक जोडायचे, ॲमीटरची जागा बदलत प्रवाह मोजायचा आणि जे दिसलं ते ऑनलाइन फॉर्ममध्ये लिहायचं. हा फॉर्म मला फार महत्त्वाचा वाटतो. नुसता व्हिडिओ घरी पाठवून वर्गात तेच पुन्हा सांगायचं, तर दोन्हीकडचा वेळ वाया.

सकाळी उत्तरं वाचली. ‘प्रवाह सगळीकडे सारखा’ असं बहुतेकांनी लिहिलं होतं. वर्गात कधी हात वर न करणाऱ्या एका मुलीनं मात्र विचारलं होतं: ‘स्क्रीनवर सारखा दिसतो, कारण तो तसा बनवलाय. खऱ्या बल्बमध्येही असंच होतं का?’

मी उत्तर लिहिलं नाही, साहित्याची पेटी घेऊन वर्गात गेले.

सेल, वायर, होल्डर, बल्ब. गटागटानं जोडणी सुरू झाली आणि एका गटातून ओरड आली, “मॅडम, बघा! पहिला जास्त उजळलाय!” खरंच, सेलच्या धन टोकाकडचा बल्ब लख्ख होता, दुसरा मिणमिणता. झालं, वर्ग फिरला. रात्री ‘सारखा’ लिहिणारीच मुलं म्हणू लागली, पहिल्यानं प्रवाह खाल्ला, दुसऱ्याला उरलासुरला मिळाला.

कारण मला ठाऊक होतं. एकाच छापाच्या दोन बल्बच्या तारांचा रोधही, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळाही, थोडा वेगळा असू शकतो. सांगून टाकलं असतं तर एका वाक्यात विषय संपला असता, आणि मुलांची समजूत तशीच राहिली असती. हार्वर्डचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक माझूर 1991 पासून वर्गात एक पद्धत वापरत आले: आधी एकट्यानं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचं, मग पुन्हा उत्तर द्यायचं. मी तेच करायला सांगितलं. गलका झाला, पण सगळा बल्बवरचाच.

त्या गलक्यात ती मुलगी म्हणाली, “बल्बांची अदलाबदल करू. जागेमुळे होत असेल तर परत पहिलाच उजळेल.”

तिनं एक बल्ब फिरवून काढला, तशी दुसराही विझला. मग दोन्ही बल्ब जागा बदलून बसवले. आता मिणमिणता पुढे होता आणि लख्ख मागे. ॲमीटर सेलजवळ, मध्ये आणि शेवटी लावून पाहिला, तर काटा तिन्ही वेळा त्याच रेघेवर.

“मग हाच बल्ब जास्त का उजळतो?” कुणीतरी विचारलं. मी पुन्हा सिम्युलेशन उघडलं आणि एका बल्बचा रोध वाढवायला सांगितला. रोध वाढला की तो मंद होईल, असं अनेकांना वाटत होतं, पण तो शेजारच्यापेक्षा प्रखर झाला. खऱ्या बल्बांनी असा फरक दाखवला नसता, तर स्क्रीनवर हा प्रश्न विचारायचं कुणाला सुचलंच नसतं. उलट, रोध हवा तेवढा वाढवून बघायची सोय खऱ्या बल्बमध्ये नाही. 2005 साली कोलोरॅडोतल्याच एका अभ्यासात, सिम्युलेशनवर काम केलेल्या विद्यार्थ्यांनी खरं सर्किटही अधिक चांगलं जोडलं होतं. त्या दिवसापासून मला वाटतं, खऱ्या सर्किटकडून स्क्रीनकडे असा उलटा प्रवासही तितकाच गरजेचा आहे.

त्या रात्रीच्या फॉर्मचा प्रश्न मी तिलाच लिहायला दिला. तिनं लिहिलं: ‘हेच दोन बल्ब समांतर जोडले तर कोणता जास्त उजळेल? आधी अंदाज लिहा, मगच जोडा.’