फ्रिजवरची आपारेसिदा

उबेराबा या ब्राझीलमधल्या शहराचे नाव आमच्या घरात पहिल्यांदा आले ते गायींमुळे. मी वडोदऱ्याजवळच्या एका पशुप्रजनन प्रयोगशाळेत सव्वीस वर्षे नोकरी केली, आणि या क्षेत्रातल्या माणसाला उबेराबा ठाऊक नसणे म्हणजे कीर्तनकाराला पंढरपूर ठाऊक नसण्यासारखे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून तिथले पशुपालक हिंदुस्थानात येऊन गीर, कांकरेज आणि ओंगोल जातीची जनावरे बोटीने घेऊन गेले. 1960 च्या सुमारास भावनगरच्या महाराजांच्या गोठ्यातला ‘कृष्णा’ नावाचा गीर वळूही ब्राझीलला गेला, आणि तिकडे या जातीचा विस्तार इतका झाला की आता भ्रूण प्रत्यारोपणाचे तंत्र शिकवायला तिथली माणसे आपल्याकडे येतात. असेच एक तंत्रज्ञ काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत आले, बाहेरच्या जेवणाने त्यांचे पोट बिघडले, आणि मुक्कामाचे शेवटचे दहा दिवस ते आमच्या दांडिया बाजारातल्या घरी वरणभात खाऊन राहिले.

सासूबाईंनी दुसऱ्याच दिवशी मला फर्मावले, “त्यांना विचार, त्यांचं कुलदैवत कोणतं?” कुलदैवत या शब्दाला इंग्रजीत काय म्हणायचे हे मला सुचेना. ‘तुमच्या घरात कोणाची पूजा होते’ असे मी विचारले. पाहुणे बराच वेळ विचार करून म्हणाले की याचे उत्तर एका शब्दात देता येणार नाही. त्यांच्या आईच्या स्वयंपाकघरात फ्रिजवर निळ्या झग्यातली, काळ्या वर्णाची मेरी असते, तिला आपारेसिदा म्हणतात. आई रविवारी चर्चमध्ये जाते आणि आठवड्यातून एकदा आत्मावाद्यांच्या, म्हणजे मृतांच्या आत्म्यांशी संवाद होतो असे मानणाऱ्यांच्या, केंद्रात जाऊन प्रार्थनेने भारलेले पाणी बाटलीत भरून आणते. वडील हयात असताना धंद्यात खोट आली की उम्बांडा या आफ्रिकी मुळांच्या पंथाच्या बैठकीला जाऊन धुरी घेऊन यायचे. थोरली बहीण ‘क्रेन्ते’ झाली आहे, म्हणजे इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) पंथात गेली आहे. आणि ते स्वतः कशातच नाहीत, पण देव आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नाही.

सासूबाईंना हे सारे एका दमात समजले. त्यांच्या देवघरात जेजुरीच्या खंडोबाचा टाक आहे, बाळकृष्ण आहे, नारेश्वरच्या रंगअवधूत महाराजांचा फोटो आहे, आणि त्यांचे माहेर वांद्र्याचे असल्यामुळे कोपऱ्यात मोतमावलीचे, म्हणजे तिथल्या मेरीचे, एक छोटे चित्रही आहे. त्यांच्या धाकट्या भावाच्या आजारपणात केलेल्या नवसाचे ते आहे. “म्हणजे आपल्यासारखंच की,” असे म्हणून त्या पाहुण्यांसाठी ताक घुसळायला निघून गेल्या. मलाही तेव्हा ते पटले होते. पण ते अर्धेच खरे आहे, आणि उरलेले अर्धे ब्राझीलच्या गेल्या जनगणनेचे आकडे वाचताना माझ्या लक्षात आले.

ही जनगणना 2022 साली झाली आणि तिचे धर्मविषयक आकडे जून 2025 मध्ये जाहीर झाले. दहा वर्षे व त्याहून अधिक वयाच्या लोकांमध्ये कॅथलिकांचे प्रमाण 56.7 टक्के भरले. 2010 मध्ये ते 65.1 टक्के होते. इव्हँजेलिकल 21.6 वरून 26.9 टक्क्यांवर गेले, कोणताही धर्म न सांगणारे 7.9 वरून 9.3 टक्क्यांवर. त्याआधीचा इतिहास पाहिला तर ही उतरण आणखी ठळक दिसते, कारण 1872 च्या पहिल्या जनगणनेत 99 टक्क्यांहून अधिक लोक कॅथलिक नोंदले गेले होते आणि 1970 पर्यंतही हे प्रमाण नव्वदच्या वर होते. एवढ्यावरून ‘ब्राझील कॅथलिक धर्म सोडत आहे’ असा मथळा सहज देता येतो, आणि तो अनेक ठिकाणी दिलाही गेला. माझ्या मते या मथळ्यात एक गफलत आहे. आकडा घसरला तो ‘कॅथलिक’ या शब्दाचा, आणि हा शब्द तिथे शेकडो वर्षे एका मोठ्या छपरासारखा वापरला जात होता. छपराखाली कोण काय करते याची चौकशी कोणी करत नसे, आणि चौकशी झालीच तर खरे सांगणे परवडतही नसे.

हे परवडत नसे म्हणजे काय, ते नीट सांगायला हवे. आफ्रिकेतून पकडून आणलेल्या लाखो गुलामांना बाप्तिस्मा सक्तीचा होता. त्यांनी आपले ओरिशा, म्हणजे त्यांच्या देवता, कॅथलिक संतांच्या आडोशाला जपल्या: रिओमध्ये लोखंडाचा आणि युद्धाचा देव ओगुम सेंट जॉर्जच्या रूपात, वादळाची देवी यान्सां सेंट बार्बराच्या रूपात. गुलामगिरी 1888 मध्ये संपली आणि 1890 मध्ये चर्च व शासन वेगळे झाले, पण त्याच वर्षीच्या दंडसंहितेने आत्मावाद आणि जादूटोणा हे गुन्हे ठरवले, आणि या कलमांच्या आधाराने पोलीस कांदोंब्लेच्या, म्हणजे या ओरिशांना पुजणाऱ्या पंथाच्या, देवस्थानांवर छापे घालत राहिले. जप्त केलेले ढोल, मूर्ती आणि माळा रिओच्या पोलिसांच्या संग्रहालयात गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून कित्येक दशके पडून होत्या. 2020 मध्ये त्या तिथून प्रजासत्ताक संग्रहालयात हलवण्यात आल्या. बाईया प्रांतात तर 1976 पर्यंत कांदोंब्लेचा उत्सव करायचा झाल्यास आधी पोलिसांकडे नोंद करावी लागत असे. घरी ओरिशाला नैवेद्य दाखवणाऱ्या बाईने दारात आलेल्या सरकारी माणसाला ‘मी कॅथलिक’ असे सांगितले, तर ते खोटे होते असे मला म्हणवत नाही. ती रविवारी चर्चमध्येही जात होतीच.

म्हणूनच मला या जनगणनेतला सर्वांत बोलका आकडा मोठ्या आकड्यांपैकी वाटत नाही. उम्बांडा आणि कांदोंब्ले मिळून 2010 मध्ये 0.3 टक्के होते, ते 2022 मध्ये 1 टक्का, म्हणजे अठरा लाखांच्या वर गेले. बारा वर्षांत एवढी माणसे नव्याने दीक्षा घेऊन आली असतील हे संभवत नाही. त्यांतली पुष्कळशी आधीपासून तिथेच असणार, आता ती तसे म्हणू लागली आहेत. त्यातही गंमत अशी की हे प्रमाण सर्वांत जास्त आहे ते बाईयात नव्हे, तर जर्मन आणि इटालियन वंशाच्या वस्तीसाठी ओळखल्या जाणाऱ्या दक्षिणेकडच्या रिओ ग्रांदे दो सुल प्रांतात, 3.2 टक्के.

आपल्या गुजरातला हा प्रकार अपरिचित नाही. 1911 च्या जनगणनेत मुंबई इलाख्याच्या अधिकाऱ्यांनी गुजरातेतल्या काही समाजांसाठी ‘हिंदू-मुसलमान’ असा एक वेगळा रकानाच केला होता, कारण त्या लोकांचे विवाह, दफन, उपास आणि पीर यांची सांगड कोणत्याही एका रकान्यात बसेना. जनगणनेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांना ते रुचले नाही. ब्राझीलमध्ये धर्माचा प्रश्न खुला असतो, माणूस सांगेल ते लिहून घेतात, आणि तरीही 2010 मध्ये ‘माझे एकाहून अधिक धर्म आहेत’ असे सांगणारे जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास निघाले. पाहुण्यांच्या आईसारख्या बायका त्या देशात किती असतील याचा नुसता अंदाज केला तरी हा आकडा हास्यास्पद वाटतो. प्रश्न एकवचनी असला की माणूस उत्तरही एकवचनी देतो.

आत्मावाद्यांबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण उबेराबाचे नाव ब्राझीलभर गायींइतकेच त्यांच्यामुळेही घेतले जाते. आलां कार्देक या फ्रेंच शिक्षकाने 1857 मध्ये मांडलेला हा विचार फ्रान्समध्ये विरून गेला आणि ब्राझीलमध्ये रुजला. 1959 मध्ये उबेराबाला येऊन राहिलेले शिको शावियेर हे त्याचे सर्वांत मोठे नाव. डोळ्यांवर हात ठेवून ते झपाझप लिहीत, आणि ते लेखन मृतांचे आहे असे मानले जाई. अशी चारशेहून अधिक पुस्तके त्यांच्या नावावर आहेत आणि त्यांचे मानधन त्यांनी धर्मादाय कामाला दिले. मूल गमावलेले आईबाप देशभरातून त्यांच्या दारात रांगा लावत आणि मुलाचे पत्र घेऊन परत जात. 30 जून 2002 रोजी, ब्राझीलने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला त्याच दिवशी, ते वारले. प्लँचेटची हौस आपल्याकडच्या जुन्या पिढीलाही होती, त्यामुळे यातले नवल मला फारसे वाटले नाही. नवल वाटले ते याचे की 2022 मध्ये आत्मावादी म्हणवणारे 2.2 वरून 1.8 टक्क्यांवर आले आहेत. देशातला हा सर्वांत शिकलेला धार्मिक गट आहे. पाहुण्यांच्या आईसारख्या, बाटलीत पाणी नेणाऱ्या पण नाव कॅथलिक सांगणाऱ्या माणसांची गणती त्यात अर्थातच नाही.

आता बहिणीकडे वळतो, कारण सासूबाईंचे ‘आपल्यासारखंच’ तिथे येऊन अडते. इव्हँजेलिकलांमधला पेन्टेकोस्टल पंथ ब्राझीलमध्ये 1910-11 पासून आहे. असेंब्ली ऑफ गॉडची सुरुवात बेलें शहरात दोन स्वीडिश धर्मप्रचारकांनी केली, आणि 1977 मध्ये एदिर मासेदो यांनी रिओमध्ये युनिव्हर्सल चर्चची स्थापना केली. पण तो खरा फोफावला तो गावाकडची माणसे शहरांच्या कडेला येऊन वसू लागल्यावर. नव्या वस्तीत कॅथलिक पाद्री महिन्यातून एकदा यायचा, कारण पाद्री घडायला वर्षानुवर्षे लागतात आणि ते मुळातच कमी. इव्हँजेलिकल पास्टर मात्र त्याच गल्लीत राहणारा, दिवसा गवंडीकाम करणारा असू शकतो, आणि त्याचे चर्च म्हणजे शटर वर केलेला एखादा गाळा, प्लास्टिकच्या खुर्च्या आणि एक माईक. ते रोज संध्याकाळी उघडे असते. पाहुण्यांचे मेहुणे दारूपायी नोकरी घालवून बसले होते. अशाच एका गाळ्यात ते बायकोबरोबर जाऊ लागले, तिथल्या माणसांनी त्यांना दर संध्याकाळी घरून नेले आणि घरी आणून सोडले, आणि दारू सुटली. पाहुणे स्वतः त्या पंथावर नाराज होते, तरी हे सांगताना त्यांनी हात जोडले होते. आपल्याकडे माळ घातल्यावर दारू सुटलेली माणसे मी पाहिली आहेत, त्यामुळे यावर नाक मुरडण्याचा अधिकार मला वाटत नाही.

पण माळ घातलेला वारकरी घरातला खंडोबाचा टाक उचलून टाका असे सहसा म्हणत नाही. बहिणीने मात्र आईला सांगितले की आपारेसिदा ही मातीची मूर्ती आहे आणि जिथे मूर्ती आहे तिथे आपण मुलांना पाठवणार नाही. 1717 मध्ये पाराइबा दो सुल नदीत कोळ्यांच्या जाळ्यात आधी धड आणि मग डोके सापडलेली ही मूर्ती ब्राझीलची संरक्षक देवता मानली जाते, तिच्या नावाने 12 ऑक्टोबरला देशभर सुट्टी असते. 1995 मध्ये त्याच दिवशी युनिव्हर्सल चर्चच्या एका बिशपने दूरचित्रवाणीवर तिच्या प्रतिमेला लाथ मारली, तेव्हा देशभर गहजब झाला होता. आफ्रिकी परंपरांच्या वाट्याला याहून वाईट आले: देवस्थानांची मोडतोड, पांढऱ्या वेशातल्या भक्तांवर दगड. साल्वादोरच्या माय जिल्दा या कांदोंब्ले पुजारिणीचे छायाचित्र युनिव्हर्सल चर्चच्या वृत्तपत्राने भोंदूपणावरच्या लेखाला जोडून छापले, त्यानंतर काही महिन्यांतच, 2000 साली, त्यांचे निधन झाले. त्यांच्या स्मरणार्थ 21 जानेवारी हा धार्मिक असहिष्णुतेविरुद्धचा राष्ट्रीय दिवस म्हणून 2007 पासून कायद्याने पाळला जातो.

थोडक्यात, छपराखालून माणसे दोन दारांनी बाहेर पडत आहेत. एका दाराने जाणारे म्हणतात की आता फक्त हेच, दुसरे काही नाही. दुसऱ्या दाराने जाणारे म्हणतात की आम्ही आधीपासून हेच करत होतो, आता उघड सांगतो. दोघांनाही जुना गोलमाल नको आहे. ‘धर्म नाही’ म्हणणारे तिसरेच, आणि त्यांतले फारच थोडे नास्तिक आहेत. बहुतेक पाहुण्यांसारखे, देवाशी बोलणे चालू असलेले पण कुठेच सभासद नसलेले. इव्हँजेलिकलांची वाढही आता पूर्वीच्या वेगाने होत नाही, त्यामुळे अमुक साली ते कॅथलिकांना मागे टाकतील अशी जी भाकिते वाचायला मिळत, त्यांवर मी तरी पैज लावणार नाही. रोराइमा प्रांतात कॅथलिक 37.9 टक्के आहेत आणि पियाउई प्रांतात 77.4, एका देशाचे एकच भाकीत करण्यात अर्थ नाही.

आकडे आल्यावर मी पाहुण्यांना निरोप पाठवला की तुम्ही यात कोणत्या रकान्यात आहात. त्यांचे उत्तर आले ते वाचून मी एकटाच हसत बसलो. धर्माचा प्रश्न असलेली लांब प्रश्नावली दहातल्या साधारण एका घराला भरावी लागते, ती नेमकी त्यांच्या आईच्या घरी आली होती, आणि घरातल्या एकाने सर्वांची माहिती दिली तरी चालते. पाहुणे त्या दिवशी गोठ्यावर होते. आईने गणकाला कॉफी दिली आणि स्वतःबरोबर मुलालाही कॅथलिक सांगून टाकले.

सोबत त्यांनी एक फोटो पाठवला होता. बहीण मुलांना घेऊन येते त्या दिवशी आई आपारेसिदेला झोपायच्या खोलीतल्या कपाटात ठेवते आणि ती गेली की परत आणते. फोटोत ती फ्रिजवर होती, शेजारी पाण्याचा पेला. सासूबाईंनी चष्मा लावून फोटो पाहिला आणि मला विचारायला सांगितले की पेल्यावर झाकण का नाही.