तासावरची फी आणि उसाचं बिल

आमच्या ऑफिसच्या तळमजल्यावर पंचवीसएक वर्षं सायकलच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दिवाळीनंतर ते रिकामं झालं आणि तिथं एका मोठ्या लॉ फर्मचं ऑफिस आलं. दारावर नियमाला धरून लहानशी पाटी, आत सहा टेबलं आणि एक बंद खोली. फर्मची मुख्य कचेरी मुंबईत, शिवाय दिल्ली आणि बेंगळुरूलाही ऑफिसं आहेत. कोल्हापुरात अशी ऑफिसं येतील असं आमच्या बार रूममध्ये सांगितलं असतं, तर दोन वर्षांपूर्वी कुणी विश्वास ठेवला नसता.

ती आली ती सर्किट बेंचमुळं. १८ ऑगस्ट २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच, म्हणजे मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं न्यायपीठ, सीपीआर दवाखान्यासमोरच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीत सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असे सहा जिल्हे त्याला जोडले. संस्थानकाळात कोल्हापूरला स्वतःचं हायकोर्ट होतं, ते १९४९ च्या विलीनीकरणात गेलं. बेंचसाठीची मागणी चाळीस वर्षांहून जुनी. मी वकिलीची सनद घेतली तेव्हापासून साखळी उपोषणाच्या मंडपात बसत आले, काम बंद ठेवलं, मोर्चात चालले. त्यामुळं या बेंचबद्दल मला त्रयस्थपणे लिहिता येणार नाही, आणि लिहायचंही नाही.

आम्ही कशासाठी भांडलो ते सांगते. भुदरगडमधल्या एक आजी माझ्या पक्षकार होत्या. वहिवाटीच्या वादात जिल्हा न्यायालयात अपील हरल्या, म्हणून मुंबईला सेकंड अपील, म्हणजे कायद्याच्या प्रश्नापुरतं दुसरं अपील, केलं. रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसनं निघायचं, सकाळी सीएसएमटीला उतरायचं, तिथून चालत फोर्टात हायकोर्टाला. मॅटर बोर्डावर, म्हणजे त्या दिवसाच्या यादीत, असायचं, पण बरेचदा संध्याकाळपर्यंत नंबरच लागायचा नाही. आजी व्हरांड्यातल्या बाकावर फडक्यातली भाकरी सोडून बसायच्या आणि मला विचारायच्या, "बाई, आज तरी हुईल का हो?" तिसऱ्या खेपेनंतर त्या आल्याच नाहीत. अपील ॲडमिट झालं, म्हणजे पुढच्या सुनावणीसाठी घेतलं गेलं, तेव्हा मी एकटीच कोर्टात उभी होते.

आता तसाच पक्षकार सकाळच्या एसटीनं येतो आणि संध्याकाळी दूध काढायला घरी पोचतो. मला बेंच हवं होतं ते एवढ्यासाठीच.

पण बेंच आलं की त्याच्याबरोबर बाजारही येतो, याचा विचार आम्ही मंडपात बसून केलेला नव्हता. इथं साखर कारखाने आहेत, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फौंड्री आहेत, इचलकरंजीचे यंत्रमाग आहेत, सहकारी बँका आहेत. जीएसटीची रिट, भूसंपादनाची प्रकरणं, कामगारांचे वाद हे सगळं आता इथंच ऐकलं जातं. कंपनी कायद्याचं काम मात्र अजून मुंबईच्या ट्रिब्युनलपुढंच चालतं. म्हणजे मोठ्या फर्मला एकाच कारखान्यासाठी मुंबईतही माणूस हवा आणि इथंही. त्यांनी ऑफिस काढलं यात मला काही गैर वाटत नाही. १९६१ चा ॲडव्होकेट्स ॲक्ट सनदधारकाला देशातल्या कुठल्याही कोर्टात उभं राहण्याचा हक्क देतो. माझ्या आजींसाठी मी मुंबईत त्याच हक्कानं उभी राहत होते.

फरक आहे तो कामाच्या पद्धतीत, आणि तो समजून घ्यायला मला काही आठवडे लागले. मुंबईला हायकोर्टाच्या मूळ शाखेमुळं (जिथं दावे थेट हायकोर्टातच दाखल होतात) सॉलिसिटरची जुनी रीत आहे: एकानं कागद तयार करायचे, दुसऱ्यानं युक्तिवाद करायचा. कायद्यातला तो भेद १९७७ पासून गेला, पण सवय टिकून राहिली आणि मोठ्या फर्म त्याच सवयीवर वाढल्या. आमच्याकडं एकच वकील. अशिलाची हकिकत ऐकायची, सातबारा आणि फेरफार तपासायचे, दावा लिहायचा, साक्षीदार उभा करायचा, उलटतपास घ्यायचा, शेवटी युक्तिवादही त्यानंच करायचा. फीसुद्धा पूर्ण प्रकरणाची ठरते. निम्मी वकीलपत्र देताना आणि उरलेली उसाचं बिल आल्यावर. खालच्या ऑफिसात फी तासावर मोजतात. ज्याचं उत्पन्न वर्षातून एकदा येतं, त्याला तासाचा हिशोब कसा परवडायचा?

माझे एक फौंड्रीवाले अशील होते, एकोणीस वर्षांपासूनचे. त्यांच्या मुलानं जानेवारीत फोन केला. "मॅडम, रागावू नका, पण हायकोर्टाचं काम आता फर्मकडं देतोय. कामगार कोर्टाचं तुमच्याकडंच राहू दे." मी रागावले नाही, पण त्या दिवशी जेवण गेलं नाही. त्या घरच्या दोन पिढ्यांचे वाटणीपत्राचे कागद माझ्या कपाटात आहेत.

आठवड्याभरानं त्याच फर्मचे एक भागीदार वर भेटायला आले. सभ्य माणूस, सोलापूरकडचे. त्यांना इथं "स्थानिक मदत" हवी होती: फायलिंग करायचं, ऑफिस ऑब्जेक्शन (हायकोर्टाच्या कचेरीनं दाखवलेल्या त्रुटी) दूर करायची, सर्क्युलेशनसाठी, म्हणजे प्रकरण लवकर बोर्डावर यावं म्हणून, प्रेसिपी नावाचा अर्ज द्यायचा, तारखेला हजर राहायचं. मसुदा मुंबईत होणार, सीनिअर कौन्सेल (युक्तिवाद करणारे ज्येष्ठ वकील) मुंबईहून येणार. दरमहा ठरावीक रक्कम. माझ्या ज्युनिअरला, शाहूवाडीच्या मुलीला, त्यातून मी आता देते त्याच्या दुप्पट मिळालं असतं. ती चहा ठेवत होती आणि ऐकत होती.

मी त्यांना म्हटलं, "सर, माणूस देते. पण ती नुसती तारखा घेणार नाही. मसुद्याचा पहिला खर्डा ती लिहील, वकीलपत्रावर तिचं नाव असेल, आणि निदान ॲडमिशनला ती उभी राहील."

याच एका गोष्टीसाठी मी एवढं लिहायला बसले आहे. औरंगाबादला १९८१ मध्ये बेंच सुरू झालं, तेव्हाही मुंबईचे वकील येऊनच मोठी प्रकरणं चालवतील असं बोललं जात होतं. तिथल्या बारनं स्वतःची माणसं घडवली. आमच्या बेंचचं उद्घाटन करणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई मूळचे अमरावतीचे, त्यांची वकिली नागपूर खंडपीठात वाढली. ती माणसं घडली, कारण उभं राहून बोलायची संधी त्यांच्या हातात होती. आमची मुलं शहाजी लॉ कॉलेजमधून बाहेर पडतात तेव्हा मराठीतली कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) उत्तम लिहितात, कारण खालच्या कोर्टाची भाषा मराठी आहे. हायकोर्टाची इंग्रजी. हे अंतर पहिल्या पाच वर्षांत कापलं नाही, तर ही मुलं आयुष्यभर दुसऱ्याच्या फायली घेऊन जिना चढत राहतील. चाळीस वर्षांच्या लढ्यातून आलेल्या कोर्टात इथल्या मुलांनी फक्त पुढची तारीख मागावी, हे मला सहन होणार नाही.

भागीदारांनी विचार करून कळवतो म्हटलं. दहा दिवसांनी होकार आला, एका प्रकरणापुरता. ॲडमिशनला उभं राहण्याबद्दल त्यात काही नव्हतं, पण खर्डा आणि वकीलपत्रावर नाव हे दोन्ही मान्य होतं.

आता रोज संध्याकाळी सातनंतर आमच्याकडं शिकवणी चालते. ती, सांगलीचा एक मुलगा आणि शेजारच्या वकीलसाहेबांचे दोघे. मी मुंबईतल्या जुन्या फायली काढल्या आहेत, आजींच्या सेकंड अपिलाचं पेपरबुकही त्यात आहे. कायद्याचा महत्त्वाचा प्रश्न कसा मांडायचा ते मी त्याच्यावरून शिकवते. परवा शाहूवाडीच्या मुलीनं खर्डा आणून दिला. सोळा मुद्दे होते. मी अकरा खोडले आणि पाच ठेवले. तिनं ते रात्रीतून पुन्हा लिहिले, सकाळी खाली जाऊन स्वतः दिले आणि वर येऊन म्हणाली, "मॅडम, त्यांनी चौथा मुद्दा जसाच्या तसा घेतला."