दुपारी दिसायचं, दिवेलागणीला नाही

साड्यांना हाताने फॉल लावायचं काम मी वीस वर्षं करतेय. गेल्या वर्षी गौरी-गणपतीच्या आधी ढीग साठला आणि माझी पंचाईत झाली. दुपारी खिडकीपाशी बसलं की टाके एकसारखे पडायचे. रात्री ट्यूबलाइटखाली मात्र निळ्या काठावर निळा दोरा कुठे गेला तेच समजेना. सकाळी निम्मं उसवायचं.

आधी एका चष्म्याच्या दुकानात गेले. लांबच्या पाटीवरची अक्षरं धडाधड वाचली. "६/६, नजर उत्तम," म्हणाले. काम कोणतं, कुठल्या उजेडात, हे कोणी विचारलं नाही. याचा मला आजही राग आहे.

मग नेत्रतज्ज्ञांकडे जाताना ती साडीच पिशवीत घालून नेली. डॉक्टरांनी हातात बारीक छपाईचं कार्ड दिलं. दिवा लावून शेवटची ओळ वाचली. त्यांनी दिवा बंद करून पडदा ओढला, तशा खालच्या तीन ओळी पुसटल्या. कार्ड तेच, डोळे तेच!

"ताई, तुम्हाला चाळिशी लागलीय. भरपूर उजेडात डोळ्याची बाहुली बारीक होते. बारीक भोकातून पाहिल्यासारखं फोकस थोडा चुकला तरी निभावतं. उजेड उतरला की बाहुली मोठी होते आणि चूक उघडी पडते." शिवाय डोळ्याच्या आतल्या पडद्यावरच्या, बारीक तपशील टिपणाऱ्या शंकुपेशींना उजेड भरपूर लागतो. मिणमिणत्या उजेडात तिथल्याच दुसऱ्या, दंडपेशी काम करतात, पण त्यांना बारकावे जमत नाहीत; आणि नजरेच्या अगदी केंद्रात तर त्या नसतातच. त्यात निळ्यावर निळा दोरा! वय वाढतं तसं डोळ्यातल्या या पडद्यापर्यंत उजेडही कमी पोहोचतो, हेही त्यांनीच सांगितलं.

जवळचा नंबर +१.५० निघाला. पण नुसत्या चष्म्याने भागलं नाही. मान वळवता येणारा टेबललॅम्प आणला, डाव्या बाजूला ठेवला, म्हणजे उजव्या हाताची सावली टाक्यावर पडत नाही. दिवा निम्म्या अंतरावर ओढला की कापडावरचा उजेड जवळजवळ चौपट होतो. हे मला आधी कळलं असतं तर किती साड्या उसवायच्या वाचल्या असत्या!

यंदा रात्री नऊलाही सुईत दोरा पहिल्या खेपेला ओवला जातो. काळ्या साड्या मात्र अजून दुपारसाठीच बाजूला ठेवते.