काठी उचलल्यावर

"काका, काठी उगारू नका, उगारलेली काठी समोरचा सहज पकडतो," असे आज सकाळी शिवाजी पार्कवर चालायच्या काठीने स्वसंरक्षण शिकवणाऱ्या आमच्या शिक्षिकेने मला तिसऱ्यांदा सांगितले. काठी दोन्ही हातांनी धरून तिचे टोक सरळ पुढे खुपसायचे, एवढेच करायचे होते.

मनाला लागले ते पुढचे वाक्य: "त्याआधी काठीशिवाय उभे राहून दाखवा." गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर दीड वर्ष जिच्यावर भार टाकून मी चालतो, ती जमिनीवरून उचलली की पहिला तोल माझाच जाणार, हे माझ्या ध्यानातच आले नव्हते. उरलेला सगळा वेळ धडधाकट पायावर वजन सरकवण्यात गेला. काठीच्या टोकाची झिजलेली रबरी टोपीही बदलायला हवी, हे त्यांनी जाता जाता दाखवून दिले.

१९०० च्या सुमारास लंडनमध्ये पिएर विन्यी हे स्विस शिक्षक छडीने स्वसंरक्षण शिकवीत असत. त्या काळी छडी रुबाबासाठीही बाळगली जाई. आमच्या वर्गात मात्र ती खरोखरच टेकायला लागते.

घरी पत्नीने विचारले, "दादरच्या पुलावर कोणी अंगावर आले तर आधी काय कराल?"

"कठड्याला टेकेन," मी म्हणालो. तुम्ही काय केले असते?