देवघरातली तबकडी आणि हयातीचा दाखला

आमचा सातारा जिल्हा म्हणजे घरटी एक तरी माणूस मिलिटरीत. अपशिंगे मिलिटरी तर सगळ्यांना माहीतच आहे, पहिल्या महायुद्धात त्या एका गावातले ४६ जण मारले गेले आणि त्यांचा स्तंभ आजही गावात उभा आहे. आमचं गाव तेवढं प्रसिद्ध नाही पण पेन्शनीत आलेले फौजी आणि त्यांच्या बायका इथेही भरपूर, आणि गेली ९ वर्षं मी इथे कॉमन सर्व्हिस सेंटर चालवते, त्यामुळे नोव्हेंबर महिना आला की माझ्याकडे सकाळी आठपासून हयातीच्या दाखल्याची, म्हणजे पेन्शन चालू राहायला दरवर्षी आपण जिवंत आहोत हे दाखवायच्या कागदाची, लाईन लागते. माझे वडील हवालदार म्हणून रिटायर झालेत, ते या महिन्यात सेंटरवर येऊन बसतात. कुणाचं डिस्चार्ज बुक, कुणाचा पीपीओ म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, कुणाची पार्ट टू ऑर्डर म्हणजे पलटणीतली घरच्यांची नोंद, हे कागद त्यांना माझ्यापेक्षा चांगले कळतात.

मागच्या नोव्हेंबरमधली गोष्ट. दुपारी एकच्या एसटीने एक आजी आल्या, ७८-८० वय असेल, एकट्याच. हातात कापडी पिशवी आणि तिच्यात कागदांची गुंडाळी. वडिलांना बघून डोक्यावरचा पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "सात म्हैनं झालं दादा, पेन्शन न्हाय."

मालक मराठा लाईट इन्फंट्रीत होते, ७१ च्या लढाईला होते, वारून १२ वर्षं झाली, तेव्हापासून फॅमिली पेन्शन आजींच्या नावावर. मुलगा वाशीच्या मार्केटात माथाडी होता, कंबरेचं दुखणं घेऊन घरी बसलाय. म्हणजे चार माणसांचं घर त्या पेन्शनवर चाललेलं आणि तीच सात महिने बंद. मी लॉगिन काढून बघितलं तर दाखल्याची तारीख संपलेली. आजी म्हणतात मी तर गेल्या वर्षी अंगठा देऊन आले, पावती पण आहे. पावती खरंच होती. ती नीट वाचल्यावर घोळ कळला. पेन्शन बँकेतून स्पर्शवर, म्हणजे संरक्षण खात्याच्या ऑनलाइन पेन्शन यंत्रणेवर, गेल्यावर दाखला काढताना पेन्शन देणारी संस्था म्हणून स्पर्श निवडायचं असतं, पण त्यांनी जिथे दाखला काढला होता तिथल्या माणसाने जुनीच बँक निवडली होती. दाखला निघाला, पावती मिळाली, पण जिथे पोचायला पाहिजे तिथे तो पोचलाच नाही. एका चुकीच्या क्लिकमुळे एक बाई सात महिने सरकारदरबारी हयात नाही. मला हे बघून दरवेळी पोटात तुटतं, कारण असे लोक तक्रार करत नाहीत, त्यांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं असेल.

दुसरी अडचण नावाची. पीपीओत नुसतं नाव, आधारला नावापुढे "बाई". आमच्याकडे हा घोळ दहातल्या चार जणींचा असतो, कारण नवऱ्याने भरती झाल्यावर कधीतरी पलटणीत बायकोचं नाव सांगितलं, ते क्लार्कने ऐकू आलं तसं इंग्लिशमध्ये लिहिलं, आणि ४०-५० वर्षांनी त्या बाईला त्याच स्पेलिंगमध्ये स्वतःला सिद्ध करायचं असतं. वडिलांनी लगेच दुरुस्तीचा अर्ज लिहायला घेतला, सोबत काय काय जोडायचं ते सांगितलं, आणि तोपर्यंत मी दाखल्याला लागले.

अंगठा काही लागेना. दहाही बोटं झाली. ओल्या फडक्याने पुसली, खोबरेल लावून बघितलं, नाही म्हणजे नाही. आयुष्यभर ऊस, आलं, शेण, राख, भांडी. बोटं बघितली तर रेषा अशी राहिलीच नव्हती, घासलेल्या पायरीसारखी गुळगुळीत. मग मोबाईलवर चेहऱ्याने करायचं ठरवलं, त्याला उजेड चांगला लागतो म्हणून त्यांना बाहेर ओट्यावर आणलं, आणि म्हटलं आजी, इकडे बघा आणि पापणी मिटा, उघडा. त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जित्ती हाय म्हून सांगायला डोळं मिटायचं व्हय गं?"

मला काही बोलताच आलं नाही. तिसऱ्या वेळेला झालं.

आत येऊन कागद गोळा करताना त्यांनी पिशवीतून एक ब्लाउजपीसचं गाठोडं काढलं. गाठ सोडली तर आत काळपट पडलेली एक गोल तबकडी, जेवणाच्या वाटीच्या तोंडापेक्षा थोडी मोठी, साधारण १२ सेंटीमीटर, हातात घेतली तर चांगली जड. कडेच्या खाचांमध्ये हळदी-कुंकू बसून बसून दगडासारखं झालेलं. म्हणाल्या देव्हाऱ्यात टाकांशेजारी असते, सासूने पूजा करायला सांगितली होती म्हणून करते, आजेसासऱ्यांचा धाकटा भाऊ लढाईत गेला त्याचं आहे एवढंच माहीत. गावात जुनी नाणी-भांडी घेणारा एक माणूस येतो, तो दोन हजार देतो म्हणालाय, पुढच्या बाजाराच्या दिवशी येणार आहे. घरात पैसा नाही. "पर इकायच्या आदी काय लिवलंय ते वाचून तरी दाव पोरी. आमच्या घरात कुनालाच वाचता आलं न्हाय."

मी अशी तबकडी फक्त फोटोत बघितली होती. पहिल्या महायुद्धात आपल्या फौजेतल्या मेलेल्यांच्या घरी ब्रिटिश सरकारने ही ब्राँझची तबकडी पाठवली होती, इंग्लंडमधल्या घरी आणि आपल्या वाड्या-वस्त्यांवरही तीच. वर हातात हार घेतलेली ब्रिटानिया, पायाशी सिंह, कडेने इंग्लिश अक्षरं, "ही डाइड फॉर फ्रीडम अँड ऑनर". स्वातंत्र्यासाठी आणि सन्मानासाठी मेला. त्या काळी आपल्याकडचं कुठलं स्वातंत्र्य, हा प्रश्न तेव्हा माझ्या मनात आलाच, पण तो त्या पोराला विचारण्यासारखा नाही, तो पलटणीत गेला, पगार घरी धाडला, आणि परत आला नाही. उजवीकडे एका चौकटीत उठावाने नाव होतं. फक्त नाव, पुढे-मागे हुद्दा नाही. हुद्दा मुद्दामच लिहीत नसत, शिपाई काय आणि जनरल काय, मेल्यावर सारखेच म्हणून.

लाईनमधले लोक एव्हाना टेबलाभोवती जमले होते. एक सुभेदार काका होते, त्यांनी आधी चपला बाहेर काढल्या आणि मग दोन्ही हातांनी तबकडी घेतली. मी टूथपिकने अक्षरांतलं कुंकू काढायला लागले तर म्हणाले, "कुंकू राहू दे, पोरी. वाचता येतंय तेवढं बास." मग त्यांनी ते नाव मोठ्याने वाचलं, आडनावासकट, आणि आजींनी तिथल्या तिथे हात जोडले. शंभर वर्षांहून जास्त काळ ज्याची पूजा चालली होती त्याचं नाव त्यांनी पहिल्यांदा ऐकलं.

संध्याकाळी सेंटर बंद केल्यावर मी आणि वडील कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन, म्हणजे महायुद्धांत मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणारा आयोग, त्याच्या नोंदी शोधायला बसलो. तबकडीवरचं स्पेलिंग टाकलं, काही नाही. एक अक्षर बदललं, नाही. पाचव्या स्पेलिंगला सापडला. शिपाई, ११० मराठा लाईट इन्फंट्री, एप्रिल १९१६, बापाचं नाव, गावाचं नाव, सातारा. गावाचं नाव असं लिहिलेलं की आमच्याच माणसाला मोठ्याने तीनदा वाचल्यावर कळावं.

एप्रिल १९१६ आणि ११० मराठा म्हणजे कुत-अल-अमारा. इराकमध्ये टायग्रिसच्या काठी ७ डिसेंबर १९१५ पासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत तुर्कांचा वेढा पडला होता, रेशन संपत आलं, शेवटी घोडे कापून खायची वेळ आली आणि आपल्यातल्या कित्येकांनी ते मांस खायला नकार दिला, उपासमारीने आणि आजाराने माणसं गेली. आमचा माणूस गोळीने गेला की भुकेने, हे नोंदीत नाही. तिथे फक्त बसरा मेमोरियल, म्हणजे इराकमधलं स्मारक, एवढंच लिहिलंय. मी त्याबद्दल वाचत गेले. त्या स्मारकावर ४० हजारांहून जास्त लोकांची आठवण आहे, पण भारतीय साध्या शिपायांची नावं भिंतीवर कोरलीच नाहीत, कुठल्या पलटणीचे किती एवढा आकडा. २०२१ मध्ये आयोगाने अशा भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली. मी हे वाचून दाखवलं तेव्हा वडील बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, "म्हणजे कोरलेलं नाव त्या म्हातारीच्या देवघरातच आहे."

सकाळी सुभेदार काकांना फोन केला. ते म्हणाले ११० मराठा म्हणजे नंतरची तिसरी मराठा, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालेले यशवंत घाडगे त्याच पलटणीतले, १० जुलै १९४४ ला इटलीत एकट्याने मशीनगनच्या ठाण्यावर चालून गेले ते. फोन ठेवताना त्यांनी आजींचा पत्ता घेतला. त्यांनी आणि गावातल्या सात-आठ माजी सैनिकांनी त्याच दिवशी आजींच्या घरी किराणा पोचवला, एकाने सहा हजार रुपये दिले, पेन्शन आली की परत द्या म्हणून, म्हणजे आजींना घेताना जड जायला नको. बाजाराच्या दिवशी नाण्यांवाला आला तो रिकाम्या हाताने गेला.

थकबाकीसकट पेन्शन तीन-साडेतीन आठवड्यांनी जमा झाली. आजी पासबुक भरून थेट माझ्याकडे आल्या, सहा हजार वेगळे काढून पदराच्या गाठीत बांधून आणले होते. मी नाव, पलटण, तारीख, ठिकाण सगळं मराठीत मोठ्या अक्षरात टाइप करून ठेवलेलं, ते वाचून दाखवलं. सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तारीख हाय म्हंजे तिथी निगंल का?" त्यांच्या घरात त्याची तिथीच कुणाला माहीत नव्हती, सगळ्या अनोळखी पितरांसोबत सर्वपित्रीला त्याचं पान वाढायचे. मी ओळखीच्या गुरुजींना तारीख पाठवली, त्यांनी जुनं पंचांग बघून तिथी सांगितली, ती पण कागदावर टाकली आणि लॅमिनेट करून दिला.

आयोगाकडे गावाचं नाव दुरुस्त करायची विनंती पाठवलीय, सोबत तबकडीचा फोटो जोडला आहे, कुंकवासकट.