एका 'कृपया'पायी

मी पुण्यात एका छोट्या बल्क एसएमएस कंपनीत (इतर संस्थांचे मेसेज एकगठ्ठा पाठवणाऱ्या) सपोर्टला होते तेव्हाची गोष्ट, 8 मार्च 2021, सोमवार. महिला दिन म्हणून ऑफिसात केक आणलेला, तो कापायलाच कोणाला वेळ झाला नाही. सकाळी आल्या आल्या फोन सुरू, मॅडम ओटीपी जात नाहीयेत, आणि स्क्रीनवर बघते तर लायनीने रिजेक्ट, रिजेक्ट, रिजेक्ट.

झालं असं की ट्रायच्या (मोबाईल कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) 2018 च्या नियमांप्रमाणे प्रत्येक कंपनीने आपला हेडर (ते सहा अक्षरी नाव येतं ना मेसेजवर, ते) आणि मेसेजचा साचा डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर, रजिस्टर करायचा होता. आदल्या रात्रीपासून मोबाईल कंपन्यांनी खरोखर तपासणी चालू केली, येणारा प्रत्येक मेसेज साच्याशी जुळवायचा, नाही जुळला की तिथेच अडवायचा. साच्यात आकड्याची जागा मोकळी असते तेवढीच बदलायची, बाकी सगळं जसंच्या तसं. हे फ्रॉड आणि नको ते कॉल-मेसेज थांबवायला, हेतू चांगलाच होता. पण त्या दिवशी देशभर बँका, रेल्वेची तिकिटं, लसीचं रजिस्ट्रेशन, सगळ्यांचेच ओटीपी लटकले.

माझ्याकडे एका पतसंस्थेचे मॅनेजर होते, पन्नाशीतले, मला ताई म्हणायचे. "अहो ताई, साचा तर मंजूर झालाय!" मग मी दोन्ही मजकूर शेजारी शेजारी ठेवले. साच्यात होतं 'कोणालाही सांगू नका', आणि सॉफ्टवेअर पाठवत होतं 'कृपया कोणालाही सांगू नका'.

आता हा 'कृपया' गेला कुठे? तर साहेबांनीच काढलेला, आणि कारण ऐकून मला हसावं की रडावं कळेना. इंग्रजी मेसेजमध्ये 160 कॅरेक्टर बसतात, मराठीत फक्त 70, वर गेलं की दोन मेसेजचे पैसे. त्यात काना, मात्रा, वेलांटी सगळं वेगळं मोजतात, म्हणजे 'कृपया' आपल्याला तीन अक्षरं दिसतात, मशीनला पाच. संस्थेचं नाव एवढं लांबलचक, त्यामुळे त्यांनी साचा भरताना 'कृपया' उडवून मेसेज सत्तरच्या आत बसवला, पण सॉफ्टवेअरवाल्याला सांगायचं राहून गेलं.

"पण ताई, माणसाला तर दोन्ही सारखंच कळतं!" खरं होतं त्यांचं. सॉफ्टवेअरवाला दुपारपर्यंत फोन उचलेना, तोवर काउंटरवर लोक ओरडतायत ते मला फोनवर ऐकू येत होतं.

दुसऱ्या दिवशी ट्रायने सात दिवसांसाठी तपासणी थांबवली. संध्याकाळी साहेबांचा परत फोन.

"ताई, त्या पोराने काढला 'कृपया'. टेस्ट ओटीपी पाठवतो तुम्हाला."

आला. सहासष्ट कॅरेक्टर, मी मोजले.




"आला का?"

"आला साहेब. एकाच मेसेजमध्ये."