गाडी दादाची, परवाना माझ्या नावाचा

बर्लिनमध्ये आमच्या घरासमोर गाडी लावायची तर रहिवाशाचा परवाना लागतो. तो नसेल तर तासाच्या हिशेबानं पैसे मोजायचे. आणि आमच्या दारात जी गाडी उभी असते ती आमची नाही, माझ्या मावसभावाची आहे. दादा मूळ निपाणीचा, आता म्युनिकमध्ये असतो. त्याचं ऑफिस घराजवळ आलं आणि गाडी नुसती उभी राहायला लागली. इकडे आमची लेक झाली. "तू घेऊन जा, मला लागली तर सांगतो," एवढंच म्हणाला. कागदोपत्री गाडी अजून त्याच्याच नावावर. नंबरही म्युनिकचा, 'एम' अक्षरानं सुरू होणारा. बर्लिनचे नंबर 'बी'नं सुरू होतात.

बाबांना फोनवर सांगितलं तर त्यांना पटेना. "गाडी त्याची आहे की! मग परवाना तुला कसा देतील?" बेळगावच्या शहापुरात, वडगावात वाढलेल्या कुणालाही हाच प्रश्न पडेल, म्हणून सविस्तर लिहिते.

इथला नियम देशभर एकच आहे. तुम्ही त्या भागात खरोखर राहत असाल आणि पालिकेकडे तशी नोंद असेल, तर एका माणसाला एका गाडीसाठी परवाना मिळतो. ती गाडी तुमच्या नावावर नोंदलेली असावी, नाहीतर ती कायम तुम्हीच वापरता हे तुम्हाला दाखवता यावं. आमचं काम या दुसऱ्या अटीवर झालं. सभासद होऊन सामायिक गाडी वापरणाऱ्यांचाही नियमात विचार केलेला आहे.

मी सोबत नेलं ते एवढंच: माझा रहिवासाचा दाखला, गाडीच्या नोंदणीचा कागद आणि दादाच्या सहीचं पत्र. अमुक नंबरची गाडी मी माझ्या बहिणीला कायमच्या वापरासाठी दिली आहे, इतकाच त्यातला मजकूर. खिडकीपलीकडच्या बाईंनी नोंदणीचा कागद आणि पत्र शेजारी शेजारी ठेवलं आणि पेन्सिलीचं टोक एकेका अक्षरावर ठेवत नंबर ताडून पाहिला. मग विचारलं, "रात्री गाडी तुमच्याच घरापाशी असते ना?" हो म्हटलं. दादा नात्यानं कोण, गाडीचे पैसे दिलेत का, नावावर का करून घेत नाही, यातलं काही त्यांनी विचारलं नाही.

याचं मूळ त्या नोंदणीच्या कागदातच आहे. ज्याच्या नावानं हा कागद आहे तो गाडीचा मालक असल्याचं यातून सिद्ध होत नाही, असं त्यावर स्पष्ट छापलेलं असतं. गाडी कुणी विकत घेतली हा एक प्रश्न, तिची जबाबदारी कुणावर हा दुसरा, आणि ती रोज कोण चालवतं हा तिसरा. परवाना देणाऱ्याला या तिसऱ्याच प्रश्नाशी कर्तव्य. मला हे फार योग्य वाटतं. रस्त्यावरची जागा तिथं राहणाऱ्यांसाठी राखायची असेल, तर विचारायचं ते राहण्याबद्दल.

म्युनिकच्या नंबराचीही अडचण आली नाही. १ जानेवारी २०१५ पासून इथे दुसऱ्या शहरात राहायला गेलं तरी जुना नंबर ठेवता येतो. त्यामुळे आमच्या रस्त्यावर हॅम्बुर्गच्या, कोलोनच्या, कुठकुठल्या नंबरांच्या गाड्या असतात आणि त्यांच्याकडे कुणी वळून बघत नाही.

हे लिहिताना साहजिकच आपल्याकडचं आठवतं. आपल्या भागात नंबर प्लेट हे नुसतं गाडीचं नाव नसतं. बेळगावची केए २२, चिक्कोडीची केए २३, आणि सीमेवरची कोगनोळी ओलांडली की कोल्हापूरची एमएच ०९. निम्मे सोयरे पलीकडे, पोरं पुण्याला नोकरीला. गणपतीत आपल्या गल्ल्यांत एमएचच्या गाड्यांची रांग लागते ती घरच्याच माणसांची असते. आई-वडिलांसाठी मुलानं पुण्याची गाडी घरी ठेवली तर मात्र शंका सुरू होतात. मोटार वाहन कायद्यानं दुसऱ्या राज्यातली गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी आधीच्या आरटीओचं ना हरकत प्रमाणपत्र आणायचं. राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागू नये म्हणून २०२१ मध्ये बीएच मालिका आली, पण ती सैन्यातले, सरकारी नोकर आणि चार किंवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या कंपन्यांचे कर्मचारी यांच्यापुरती. आपल्या शेतकऱ्याला, दुकानदाराला तिचा उपयोग नाही.

आणि कायद्यापलीकडचंही आहेच. सीमावाद तापला होता तेव्हा, ६ डिसेंबर २०२२ ला, बेळगावजवळच्या हिरेबागेवाडी टोलनाक्यापाशी महाराष्ट्राच्या नंबरच्या ट्रकांवर दगडफेक झाली. दादा तेव्हा सुट्टीला निपाणीत होता. मावशीनं त्याला कोल्हापूरच्या मित्राची गाडी घेऊन बेळगावला यायला साफ मनाई केली. त्या ट्रकांचे चालक कुठले, माल कुणाचा, हे दगड मारणाऱ्याला ठाऊक नव्हतं. त्याला फक्त प्लेट दिसली. इथे परक्या नंबराची गाडी घरासमोर निर्धास्त लावताना मला त्याचा त्रास होतो. मी घरापासून इतकी लांब, परक्या देशात, आणि ही निश्चिंती मला इथं मिळावी?

बेळगावात रहिवाशांसाठी अशी सोय हवी असं मला मनापासून वाटतं. सणासुदीला खरेदीची गर्दी लोटते तेव्हा खडेबाजार, रामलिंगखिंड गल्ली या भागात राहणाऱ्यांना स्वतःच्या दारात गाडी लावता येत नाही. बापट गल्लीतल्या पार्किंगवर किती भार टाकणार? घरपट्टीची पावती किंवा भाडेकरार दाखवा, गाडी कोण वापरतं ते लिहून द्या, एका माणसाला एक परवाना. केए असो, एमएच असो, गोव्याची असो.

इथल्या परवान्याबद्दल एक सांगायचं राहिलं: परवाना म्हणजे जागेची हमी नव्हे, एवढं ध्यानात ठेवायचं. तो त्या विभागापुरताच चालतो, आणि विभागाच्या लांबीलाही मर्यादा असते. शुल्काची गंमत अशी की २०२० पर्यंत देशभर वर्षाला ३०.७० युरोची कमाल मर्यादा होती. ती उठल्यावर फ्रायबुर्ग शहरानं गाडीच्या लांबीनुसार २४० ते ४८० युरो लावले. गाडी अर्धा मीटर लांब असली की दुप्पट पैसे, हे प्रमाणाला धरून नाही म्हणून जून २०२३ मध्ये जर्मनीच्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयानं ती नियमावली रद्द केली. मी परवाना काढला तेव्हा बर्लिनचा दर दोन वर्षांना २०.४० युरो होता.

इकडे येऊन कुणी भावाची, मैत्रिणीची गाडी वापरणार असेल तर दोन गोष्टी आधी करा. विम्याच्या कंपनीला गाडी आता कोण चालवतं ते गाडी ज्याच्या नावावर आहे त्याच्याकडून कळवून घ्या, कारण हप्ता त्यावरही ठरतो. आणि दंडाचं आधीच बोलून ठेवा. चुकीच्या जागी गाडी लावली तर पत्र नोंदणीवरच्या नावाला जातं, म्हणजे आमच्या बाबतीत म्युनिकला दादाच्या घरी. चालक कोण ते सापडलं नाही तर चौकशीचा खर्चही त्याच्याच माथी पडतो. आमचं ठरलंय की असं पत्र आलं तर त्यानं फोटो काढून त्याच दिवशी पाठवायचं, आणि पैसे मी भरायचे.